एक नग, अंधारात

जूनचा दुसरा मंगळवार, दुपारचे बारा. स्थळ: भद्रावतीतल्या आमच्या महाविद्यालयाची खोली क्रमांक सात. काम: डेड स्टॉकची, म्हणजे टिकाऊ सामानाची, वार्षिक पडताळणी. उपस्थित: वासेकर सर, वनस्पतिशास्त्र, समितीचे अध्यक्ष. मी, पिंपळकर, मुख्य लिपिक, समितीची सचिव. सुमनबाई, शिपाई, शिडी आणि फडक्यासह. कोडापे सर, भौतिकशास्त्र. उपस्थित, परंतु दाराच्या आतल्या बाजूला, कडी लावून.

इतिवृत्तात मी हे असंच लिहिलं आहे. दुसरं काय लिहिणार?

"सर, दार उघडा. समिती आली आहे," मी म्हटलं.

"हलू नका!" आतून आवाज आला. "स्थिर! चाळीस सेकंद."

आम्ही तिघं व्हरांड्यात जागच्या जागी थांबलो. वासेकर सरांच्या नाकावर माशी बसली, ती त्यांनी बसू दिली. सुमनबाईंनी उचललेला पाय तसाच धरून ठेवला. पस्तिसाव्या सेकंदाला खाणीचा भोंगा वाजला, पाठोपाठ दूर कुठेतरी सुरुंग उडाला, आणि पायाखालची फरशी नेहमीसारखी हलकेच थरथरली. आमच्याकडे याकडे कोणी लक्ष देत नाही. कोडापे सर देतात.

"गेलं," आतून निराश आवाज आला. "आज लवकर वाजवला जी त्यायनं. उद्या या."

"वाघ मोजनं सोपं हाये, बाई," सुमनबाई शिडी उचलत म्हणाल्या. "तो पानवठ्यावर तरी येते. सरांचा खडा कुठी येते?"

हा खडा म्हणजे रजिस्टरमधला अनुक्रमांक एकेचाळीस. नोंद अशी: 'स्फटिक, लिथियम निओबेट, लोहयुक्त. एक नग.' बोटाच्या पेराएवढा चौकोनी तुकडा, पातळ कोऱ्या चहाच्या रंगाचा. फार पूर्वी सरांना एक संशोधन प्रकल्प मिळाला होता, त्यातून तो आला. अशा स्फटिकात लेसरच्या उजेडानं चित्रं साठवता येतात, पुसता येतात, त्याच जागी पुन्हा लिहिता येतात. एकाच तुकड्यात शेकडो. प्रत्येकाला वेगळा कोन. स्फटिक जरा फिरवला की मागचं पान मिटतं आणि पुढचं उघडतं. प्रकल्पाचा अहवाल गेला, बाकीचं सामान कपाटात गेलं. स्फटिक मात्र सरांनी हातचा सोडला नाही.

तो चालतो कसा, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. विचारायचं नव्हतं. पाऊण तास गेला. पण खरं सांगायचं तर समजलं.

"आमच्या मुलचेऱ्याकडचा बाजार पाह्यला का तुम्ही, बाई? उन्हाळ्यातला?"

"नाही."

"ऊन पडलं की ऊनातले लोक उठतात आनि झाडाच्या सावलीत जाऊन बसतात. बरोबर? या खड्यात लोखंड आहे. त्याच्यापाशी इलेक्ट्रॉन बसून राह्यतात. दोन उजेड एकमेकांवर पाडले का आत ऊन-सावलीचे पट्टे पडतात. बारीक, केसाहून बारीक. ऊनातले उठतात, सावलीत जाऊन बसतात. मग उजेड काढून घेतला तरी बसल्या जागी बसून राह्यतात. कोन कुठी बसलं, तेच चित्र."

"आणि पुसायचं कसं?"

"सगळीकडे सारखं ऊन पाडा. सगळेच उठतात, पांगतात. बाजार मोडला." मग बोट वर करून म्हणाले, "नुसतं वाचलं तरी थोडं झिजते, बाई. वाचाले उजेड लागते ना! म्हनून दाखवत नाई कोनाले."

तेव्हा मुद्दा असा, की वस्तू आहे, पण बघितली की कमी होते. पडताळणीच्या नमुन्यात 'प्रत्यक्ष पाहिले' असा रकाना आहे. मी सलग दोन वर्षं त्यांना पत्रं दिली. त्यांचं उत्तर एका ओळीचं: 'वस्तू आहे. अंधारात आहे. विश्वास ठेवावा.' मी उलट कळवलं, की विश्वासाचा रकाना नमुन्यात नाही.

खोली सात म्हणजे एक स्वतंत्र संस्थान आहे. मधोमध कडप्प्याची जाड लादी. ती डंपरच्या चार हवा भरलेल्या ट्यूबांवर तरंगत ठेवलेली, म्हणजे जमीन हलली तरी लादी हलू नये. पंखा बंद. चपला बाहेर. लिहायच्या वेळी श्वाससुद्धा बेतानं. भिंतीवर कोळशाच्या मालगाड्यांचं वेळापत्रक सरांनी स्वतः निरखून तयार करून लावलेलं, त्याखाली सुरुंगाच्या वेळा. आणि कोपऱ्यात, ओल्या रेतीत पुरलेला एक माठ. माठात कोरडा डबा, डब्यात काळी मखमल, मखमलीत खडा. का, तर आमच्याकडच्या उन्हाळ्यात तापला की खडा अंधारातसुद्धा हळूहळू विसरतो.

"एवढ्या ऊनात मानसाले नाव आठवत नाई आपलं," सर म्हणत. "तो तर दगड आहे."

त्यांचं दुसरं एक वेड म्हणजे 'पहिल्याले जास्त, शेवटच्याले कमी'. खड्यात एकामागे एक चित्रं लिहिताना प्रत्येक नवं चित्र जुन्यांना थोडं खातं. म्हणून पहिल्या चित्राला सगळ्यात जास्त वेळ उजेड द्यायचा, शेवटच्याला सगळ्यात कमी; मग शेवटी सगळी सारखी ठळक दिसतात. खड्यापुरतं हे ठीक. पण सरांनी ते आयुष्यालाच लावलं. वर्षाचा पहिला धडा ते सहा आठवडे शिकवत आणि शेवटचा एका तासात. पालकांची तक्रार आली तेव्हा प्राचार्यांना म्हणाले, "शेवटचं तर ताजं असते सर, पहिलंच पुसून जाते." स्नेहसंमेलनात त्यांना एकदा जिलेबी वाढायला उभं केलं. पहिल्या माणसाला नऊ, दुसऱ्याला आठ. रांगेच्या टोकाला वासेकर सर होते. त्यांच्या ताटात अर्धी पडली.

"काऊन हो कोडापे? आम्ही काय पाप केलं?"

"तुम्ही शेवटचे आहा, वासेकर. तुमाले लक्षात राह्यते."

तर, जूनच्या त्या मंगळवारी माझ्या वहीत चार कामं होती. एक, कोडापे सर तीस तारखेला सेवानिवृत्त होतात, त्यांचं नो-ड्यूज प्रमाणपत्र काढणे. दोन, त्यासाठी क्रमांक एकेचाळीस प्रत्यक्ष पाहणे. तीन, खोली सात रिकामी करून कॉम्प्युटरवाल्यांच्या ताब्यात देणे. चार, सलग तीन वर्षं न पाहिलेल्या वस्तू निर्लेखनाच्या यादीत टाकणे. निर्लेखन म्हणजे साध्या भाषेत भंगार. मोडक्या खुर्च्या, फुटक्या बीकरांबरोबर पोत्यात. दुसरं काम झालं नाही, तर चौथं आपोआप होणार होतं. हे मी सरांना लेखी कळवलं, तोंडी सांगितलं आणि सुमनबाईंकरवी निरोपही पाठवला.

वासेकर सरांनी मधला मार्ग काढला. "मोबाईलमध्ये फोटो काढून घ्या ना, कोडापे. आत जे काही आहे ते राहील. मग खडा द्या समितीला."

"तुमच्या मोबाईलमध्ये किती फोटो आहेत?"

"असतील चार-पाच हजार."

"मागच्या महिन्यात किती पाह्यले?"

वासेकर सरांनी मोबाईल खिशात ठेवला.

"इथी पाह्यलं का झिजते," कोडापे सर म्हणाले. "म्हनून मानूस नीट पाह्यते."

इथं माझ्या हातून घडलेली एक गोष्ट लिहायला हवी. मी मुख्य लिपिक झाले तो पहिला उन्हाळा. माझ्या आधीच्या गिरीपुंजे बाई नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि मला सगळं कार्यालय शिस्तीत आणायचं होतं. नियम आहे, की प्रत्येक वस्तूवर तिचा क्रमांक ऑइलपेंटनं लिहिलेला असावा. सुट्टीत मी आणि सुमनबाईंनी पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन सगळं महाविद्यालय रंगवलं. खुर्च्या, कपाटं, सापळा, शंखशिंपले. खोली सातला तेव्हा साधं कुलूप असे, किल्ली कार्यालयात. डबा उघडला, मखमल उलगडली, आणि सगळ्यात बारीक ब्रशनं त्या खड्याच्या गुळगुळीत अंगावर मी 'भौ/४१' लिहिलं. अक्षर सुरेख आलं होतं. रंग वाळावा म्हणून खडा खिडकीत ठेवला. मे महिन्याच्या उन्हात. दुपारभर.

महाविद्यालय उघडायच्या आधी सर आले, त्यांनी खडा पाहिला आणि स्टुलावर बसले. मग म्हणाले, "बाई, अक्षर भल्लं सुंदर आहे जी तुमचं." दुसऱ्या दिवशी त्यांनी वीस दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. कारण: वैयक्तिक. सत्राच्या तोंडावर वीस दिवस! मी अर्जावर 'कारण असमाधानकारक' असा शेरा मारला आणि रजा अर्धपगारी केली. परत आल्यावर त्यांनी खोलीला आतून कडी बसवून घेतली. रंग पुसलेला होता, क्रमांक डब्याला दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठीवर होता. मी म्हटलं, असो, एकदाचं नियमात बसलं.

या जूनपर्यंत मला एवढंच माहीत होतं.

तीस तारखेच्या आदल्या आठवड्यात सर स्वतःच कार्यालयात आले. दारात उभे राहून म्हणाले, "चला बाई. प्रत्यक्ष पाहा. पन एकट्याच. गर्दी झाली का लादी हलते."

"वासेकर सर अध्यक्ष आहेत."

"ते अध्यक्ष आहेत, पन ते शिंकतात."

हे खरं होतं. मी चपला काढून आत गेले. त्यांनी दार लावलं, भिंतीवरचं वेळापत्रक बोटानं तपासलं, मालगाडी जाऊ दिली. मग माठातून डबा काढला. खडा एका फिरत्या चकतीवर ठेवला. चकतीवर कोनमापकासारखे अंश कोरलेले. मंद हिरवा लेसर लावला. समोर दुधी काच होती.

"दहा सेकंद एक, बाई. जास्त नाई. आनि बोलू नका."

त्यांनी चकती फिरवली. दुधी काचेवर हिरव्या उजेडात अक्षरं उभी राहिली. माणसाच्या हातची, तिरकी, ओळखीची: 'तीन पुस्तके अजून वासेकरांकडे आहेत.' आमचे जुने ग्रंथपाल! मला हसू आलं. सर म्हणाले, "स्थिर." आणखी एक अंश. 'प्रयोगशाळेतला नळ डाव्या बाजूला फिरवा.' हे रसायनशास्त्राचे सर, त्यांना जाऊन चार वर्षं झाली. पुढचा अंश, पुढचा हात.

समजायला मला तीन-चार पानं लागली. या महाविद्यालयातून जो कोणी निवृत्त झाला, त्याच्याकडून कोडापे सरांनी एक ओळ लिहून घेतली होती. निरोप समारंभात ते कधी भाषण करत नसत, शाल-श्रीफळाच्या फोटोतही नसत. आम्ही म्हणायचो, माणूसघाणा आहे. ते मागच्या रांगेत थांबत आणि सगळे पांगल्यावर त्या माणसापुढे एक पारदर्शक कागद नि काळा पेन धरत. "सही नको. काही तरी लिहा." कागद खड्यात उतरवला की ते स्पिरिटनं पुसून पुढच्याला देत. मूळ प्रत अशी तेव्हा नव्हतीच. जे होतं ते खड्यात.

आणि मी खडा दुपारभर उन्हात ठेवला होता.

"सर," मी म्हटलं. बोलायचं नव्हतं, पण बोलले. "ती वीस दिवसांची रजा..."

"हो. सगळ्यायच्या घरी जाऊन आलो. वरोरा, वणी, मूल, अहेरी. एस्टीनं. पुन्हा लिहून घेतलं." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, वेळापत्रक वाचावं तसं सांगत होते. "काऊन, तुमाले वाईट वाटून राह्यलं का? वाटू देऊ नका. हा खडा त्याच्यासाठीच बनवला आहे. पुसला, पुन्हा लिहिला. आनि सांगू का, दुसऱ्या खेपेले लोकायनं चांगलं लिहिलं."

"म्हणजे?"

"पहिल्यांदा निवृत्तीच्या दिवशी लिहिलं होतं ना. हार गळ्यात. सगळ्यायनं 'सर्वांना शुभेच्छा' लिहिलं. आता हे पाहा."

त्यांनी चकती फिरवली. गिरीपुंजे बाईंचं अक्षर मी कुठेही ओळखीन. त्याच अक्षरात मी काम शिकले. उभं, ताठ, शिरोरेघ पट्टीनं मारल्यासारखी. 'किल्ल्या पिंपळकरकडे आहेत. चार वाजले की हात टपालाकडे जातो. इथे टपाल नसते.'

बाई निवृत्तीनंतर वरोऱ्यात तीन वर्षं हयात होत्या. वरोरा इथून किती लांब? मी एकदाही गेले नव्हते. त्यांच्या पेन्शनचे कागद मात्र मी एका आठवड्यात पूर्ण केले होते, आणि ते मी अनेकांना सांगितलं होतं.

दहा सेकंद झाले होते. सरांनी लेसर बंद केला नाही. मोजून वीस होऊ दिले.

मग त्यांनी चकती पार मागे, पहिल्या अंशावर नेली. काचेवर काहीच आलं नाही. नुसता सपाट हिरवा उजेड.

"हे काय आहे?"

"लक्ष्मण. घंटा वाजवायचा तो. त्याले लिहिता येत नव्हतं, त्यानं घंटाच काढली होती. दोरीसकट." सर खड्याकडे पाहत होते. "आमच्याच भागातला. मी गेलो त्याच्या गावाले, तर तेरावा दिवस होता. जेवून आलो."

मी 'सॉरी' म्हटलं. तो शब्द त्या खोलीत फार लहान वाटला.

"जागा त्याची आहे," सर म्हणाले. "तिथी दुसरं काही लिहीत नाई मी."

बाहेर आल्यावर मी रजिस्टरमध्ये क्रमांक एकेचाळीससमोर 'प्रत्यक्ष पाहिले' लिहिलं. पेन खाली ठेवण्याआधी सर म्हणाले, "आता नो-ड्यूज द्या. पन खडा तुमच्या ताब्यात. खोली सात गेली तर तुमच्या रेकॉर्डरूममध्ये ठेवा, तिथी खिडकी नाई. माठ, लादी, सगळं लावून देतो. त्या रजेपासून मूळ कागद पुसत नाई मी, डब्यात जपून ठेवतो. थंडीत वर्षातून एकदा त्यायच्यावरून सगळं पुन्हा लिहा लागते, नाई तर पुढच्या उन्हाळ्यात फिकं पडते. शिकवतो तुमाले."

"मला? सर, मीच तर तो उन्हात..."

"म्हनूनच. तुमची चूक करून झाली, बाई. दुसऱ्या मानसाची अजून व्हायची आहे."

सुमनबाई दारातूनच म्हणाल्या, "घ्या बाई, घ्या. इतकी वर्षं फायली सांभाळल्या, आता उजेड सांभाळा."

तीस तारखेचा समारंभ रीतसर झाला. शाल, श्रीफळ, वासेकर सरांचं भाषण, त्यात जिलेबीचा उल्लेख. सगळे पांगल्यावर मी मागच्या रांगेत थांबले. पारदर्शक कागद, काळा पेन. सरांसमोर धरला.

"सर, लिहा. चौतिसावा अंश रिकामा आहे, मी पाहून आले."

ते कागदाकडे बघत राहिले. मग हसले. "आज नाई, बाई. आज लिहिलं तर 'सर्वांना शुभेच्छा' येईन. थोडे दिवस जाऊ द्या."

"किती दिवस? मला तारीख द्या."

"सुचलं का आनतो."

तेव्हापासून ते दर मंगळवारी येतात. सुरुंग उडून गेला, की अर्ध्या तासानं फाटकातून आत येतात. रेकॉर्डरूमच्या बाहेर चपला काढतात, माठाची रेती ओली आहे का बोटानं पाहतात, मालगाड्यांच्या वेळा बदलल्या असतील तर खोडून नव्या लिहितात. एक दिवस माझ्या हाताखालच्या नव्या मुलीनं दार जरा जोरात लावलं, तर तिला ऊन-सावलीचा पूर्ण पाऊण तास ऐकावा लागला. मग माझ्या टेबलासमोर बसून चहा घेतात. पावसाळा गेला, थंडी आली. पहिल्यांदा सगळं पुन्हा लिहिलं ते आम्ही दोघांनी मिळून. मी बटण दाबलं, ते सेकंद मोजत होते. तेहेतिसाव्या अंशापर्यंत सगळे झाले, पहिला अंश सोडून. सगळी अक्षरं सारखी ठळक आली.

"आणि चौतिसावा?" मी विचारलं.

त्यांनी खिशातून घडी घातलेला पारदर्शक कागद काढला. चार घड्यांनी त्यावर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. बाकी कोराच.

"सर, सहा महिने झाले!"

"होतात जी. घरी बसलो का काहीच सुचत नाई. इथी येऊन बसलो का सुचल्यासारखं वाटते, पन मग इथीच बसलो आहे ना, तर लिहाव काऊन?" त्यांनी कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला. "पुढच्या मंगळवारी पक्कं."

हे ते दर मंगळवारी म्हणतात. माझ्या वहीत एखादं काम एवढे दिवस कधीच राहिलेलं नाही. मी लोकांना स्मरणपत्र देते, दुसरं देते, तिसरं प्राचार्यांच्या सहीनं देते. या कामाचं पहिलं स्मरणपत्र मी टाइप करून ठेवलं होतं. ते दिलं नाही.

वहीत नोंद अशी आहे: 'चौतिसावा अंश, कोडापे सर, एक ओळ. बाकी.' त्यापुढचा तारखेचा रकाना मी रिकामा ठेवला आहे.